सात जण, एक कुंड

गरम पाण्यात डुंबायचं तर मनाली किंवा थेट जपानच गाठायला हवं, असं थोडंच आहे? चंद्रपूरहून पहाटे निघा, पैनगंगा ओलांडा आणि उनकेश्वर गाठा. थंडीतला एक हटके विकेण्ड. थोडा अंगाचा, बराचसा मनाचा शीण घालवणारा.

कुठल्याही ग्रुप ट्रिपमध्ये चार नमुने हमखास असतात. एक, एक्सेल शीट बनवणारा. दोन, 'मला काहीही चालेल' म्हणून प्रत्येक ऑप्शनला नाक मुरडणारा. तीन, आदल्या रात्री 'सॉरी गाइज' टाकणारा. आणि चार, पाण्यात न उतरणारा. अलिबागचा समुद्र असो की लोणावळ्याचा स्विमिंग पूल, हा चौथा नमुना काठावर बसून सगळ्यांचे मोबाइल, घड्याळं आणि चपला सांभाळतो. 'तुम्ही जा, मी फोटो काढते' हे ठरलेलं वाक्य. अल्बममध्ये तो चेहरा कधीच नसतो आणि त्याचं कोणाला फारसं काही वाटतही नाही. फोटो कोणीतरी काढायलाच हवेत ना!

आमच्या ग्रुपमध्ये ही जबाबदारी आमच्या आर्किटेक्टकडे. आम्ही सात जण पुण्यात कॉलेजच्या नाटकामुळे एकत्र आलो. ती तेव्हाही बॅकस्टेजला. सेट तिचा, लाइट तिचे, स्टेजवर मात्र कधी नाही. फुल स्लीव्हज आणि गळ्याभोवती स्टोल हा तिचा बारमाही युनिफॉर्म. तिच्या मानेवर, कोपरांवर आणि पावलांवर कोडाचे पांढरे डाग आहेत हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यावर बोलायचं नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं.

तर यंदाच्या डिसेंबरात ग्रुपवर प्रस्ताव आला तो नेमका गरम पाण्याच्या झऱ्याचा. एचआरवाली नुकतीच जपानहून आलेली. डोंगरातलं गाव, लाकडी सराई, बाहेर बर्फ आणि आत गळ्यापर्यंत वाफाळतं पाणी. त्याला ऑनसेन म्हणतात. तिचे फोटो बघून सगळ्यांनाच तसलं काहीतरी हवं होतं. बजेट मात्र ट्रॅव्हल्सच्या गाडीचं.

चंद्रपुरात गरम पाणी?

मी मूळची चंद्रपूरची, त्यामुळे ट्रिप माझ्याच गळ्यात पडली. 'तुझ्याकडे एवढं जंगल आहे, एखादा गरम झरा असेलच की,' इति सीए. आईला फोन केला, तर ती म्हणाली, 'काहून बापा? पुण्यातले गिझर बंद पडले का तुमचे?'

तिचंही बरोबरच. उन्हाळ्यात पारा 47-48 अंशांपर्यंत चढणाऱ्या गावात गरम पाण्याचं कौतुक कोणाला? जपानचा 1948 चा एक कायदा आहे. जमिनीतून येणारं पाणी 25 अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असेल, तर त्याला ऑनसेन म्हणायला हरकत नाही. हा आकडा ऐकून आमच्या घरी हसून पुरेवाट. पंचवीस? मे महिन्यात आमच्या गच्चीवरची टाकी पहाटे पाचलासुद्धा त्याहून गरम असते. तिच्यापुढे एखादी लाकडी सराई बांधली असती, तर बाबांनी नोकरी केली नसती!

गंमत सोडा. जमिनीतून गरम पाणी येतं कसं, तर त्यात चमत्कार असा नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरतं. जितकं खोल जावं तितकं जमिनीचं तापमान वाढतं, साधारण एका किलोमीटरला 25 ते 30 अंश. तापलेल्या पाण्याला वर यायला एखादी मोठी भेग मिळाली, की झरा तयार. अशी भेग नसेल तर कितीही खोल उष्णता असून उपयोग नाही. कोकणात अशा भेगांची मोठी रांगच आहे. पालघरकडच्या सातिवलीपासून अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, मग तुरळ-राजवाडी आणि थेट राजापूर. गावाच्या नावात 'उन्ह' दिसलं, की समजायचं.

आमच्या चंद्रपूरच्या भूगर्भाने दिला तो कोळसा. त्या कोळशावर पाण्याची वाफ करून वीज काढतात, पण त्या वाफेत डुंबता येत नाही. त्यामुळे आमच्याकडचा माणूस गरम झऱ्याला जायचं म्हणतो, तेव्हा यवतमाळ जिल्हा ओलांडून उनकेश्वरला जातो. नांदेड जिल्हा, किनवट तालुका, पैनगंगेचा काठ. विदर्भ संपून मराठवाडा जिथे सुरू होतो, तो डोंगराळ आणि सागाच्या जंगलाचा टापू. तिथे महादेवाचं देऊळ आणि त्याला लागून गंधकयुक्त गरम पाणी. त्वचेच्या आजारांवर हे पाणी गुणकारी, अशी त्याची जुनी ख्याती.

हे शेवटचं वाक्य मी ग्रुपवर टाकलं नव्हतं. पण गुगल सगळ्यांकडे असतं. तासाभराने आर्किटेक्टचा मेसेज आला, 'मी येतेय. आणि यावेळी फोटो दुसरं कोणीतरी काढा.'

आधी आनंदवन

सगळे शुक्रवारी नागपूरला उतरले, मी तिथेच जॉइन झाले. भाड्याची गाडी, ड्रायव्हर भाऊंची नव्वदीतल्या गाण्यांची पेन ड्राइव्ह आणि चंद्रपूरचा रस्ता. वाटेत वरोरा लागतं, आणि वरोऱ्याला आलात तर आनंदवन चुकवायचं नसतं. शाळेत असताना सहलीला येऊन गेले होते. तेव्हा लक्षात राहिली होती ती झाडं आणि तिथले यंत्रमाग. या वेळी वेगळंच काही दिसलं.

1949 साली बाबा आणि साधनाताई आमटे इथल्या खडकाळ माळावर आले, ते सहा कुष्ठरुग्ण आणि खिशात 14 रुपये घेऊन, असं सांगतात. विहीर खणली, शेत पिकवलं, भाजी निघाली. पण वरोऱ्याच्या बाजारात ती भाजी घ्यायला लोक तयार नव्हते. 'त्या' हातांची भाजी कोण खाणार? आज त्याच हातांनी विणलेल्या चादरी आणि बनवलेली ग्रीटिंग कार्डं लोक विकत घेतात. मीही दोन चादरी घेतल्या. बँकवाला पाकीट काढता काढता म्हणाला, 'इथे सगळे किती बिझी आहेत यार, आपल्या ऑफिसपेक्षा जास्त.' ते खरंच होतं. दया दाखवायला आलेल्या माणसाला इथे उभं राहायलासुद्धा कोणी रिकामं सापडत नाही.

आमच्यातली डॉक्टर स्किनचीच आहे. गाडीत तिने सगळ्यांची शाळा घेतली. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, हे नॉर्वेच्या हॅन्सनने 1873 मध्येच दाखवलं. पाप, शाप, आनुवंशिकता, कशाशीच त्याचा संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या, की माणूस बरा होतो. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि उपचार सुरू झाल्यावर लवकरच त्या माणसापासून लागण होण्याचा धोका संपतो. देशपातळीवर हा आजार दहा हजारांत एकाहून खाली आला, असं 2005 च्या शेवटी जाहीर झालं. तरी महाराष्ट्रात जिथे अजून जास्त रुग्ण सापडतात, त्यात गडचिरोली आणि चंद्रपूर ही नावं असतातच.

'आणि कोड?' आयटीवाल्याने विचारलं. गाडीत एकदम शांतता. दहा वर्षांत पहिल्यांदाच हा शब्द ग्रुपमध्ये उच्चारला गेला होता.

उत्तर डॉक्टरने नाही, आर्किटेक्टनेच दिलं. 'काही संबंध नाही. माझ्या शरीरातली संरक्षण यंत्रणा माझ्याच रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटली, बस्स. जंतू नाहीत, लागण नाही, दुखत नाही, खुपत नाही. शंभर-दोनशे माणसांत एकाला असतो. मायकल जॅक्सनला होता, त्याने 1993 मध्ये टीव्हीवर सांगितलं. विनी हार्लो तर तेच डाग घेऊन रॅम्पवर चालते. पण आमच्या कॉलनीतल्या काकूंना अजून वाटतं, की माझ्या ताटात जेवलं तर त्यांनाही होईल.'

मग ती हसली. 'पुढचा प्रश्न?'

वड्याचा रस्सा आणि पाच लिटरचा कॅन

शुक्रवारचा मुक्काम आमच्या घरी. आईने वडाभात, वर फोडणीचं तेल आणि वांग्याचं भरीत केलं होतं. पुण्याच्या मंडळींनी भातावर एवढं तेल बघून डोळे विस्फारले, आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं. जेवताना आर्किटेक्टने तिच्या बॅगेतून पाच लिटरचा एक रिकामा प्लॅस्टिकचा कॅन काढून दाखवला.

'आत्याने दिलाय. उनकेश्वरचं पाणी भरून आणायला. एकवीस दिवस त्याने आंघोळ करायची, मग डाग जातील, मग फेब्रुवारीत पाहुणे बघायला येतील.'

तिने हे जोकसारखंच सांगितलं, पण आम्ही कोणी हसलो नाही. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 2006 चा 'नितळ' बघितला असेल, तर हे घर तुमच्या ओळखीचं आहे. मुलगी हुशार, मुलगा राजी, आणि मध्ये दोन्हीकडची सगळी वडीलधारी मंडळी त्या डागांकडे टक लावून बसलेली.

'तू ते करणार आहेस?' मी विचारलं.

'माहीत नाही,' ती म्हणाली. 'डोक्याने विचाराल तर नाही. पण आठवीपासून ऐकतेय की कुठेतरी असं पाणी आहे. एकदा उतरून बघायचंय. तेवढ्याने सुटेल तरी तो विषय.'

उनकेश्वरचं पाणी

शनिवारी पहाटे पाचला निघालो. घुग्घूसनंतर वणीला तर्री-पोहे आणि आलुबोंडे, करंजीला चहा, मग हायवेने पांढरकवडा. इथून टिपेश्वरचं अभयारण्य जवळच आहे. वाघ दिसेल म्हणून सीए खिडकीला चिकटून बसला, पण दिसल्या त्या फक्त कपाशीने भरलेल्या बैलगाड्या. हायवे सोडला की रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना साग, मध्येच एखादं तांड्याचं गाव. पैनगंगेचं पात्र डिसेंबरात शांत असतं. पूल ओलांडला, की तुम्ही मराठवाड्यात.

आता स्पष्टच सांगते. 'रिसॉर्ट' डोक्यात घेऊन जाल तर निराश व्हाल. इथे बांबूचे पडदे नाहीत, सुगंधी मेणबत्त्या नाहीत, रोब नाही, ग्रीन टी नाही. आहे ते देवस्थान. नारळ-फुलांची दुकानं, पायऱ्या, वाळत घातलेली लुगडी आणि गंधकाचा तो वास. पहिल्यांदा आला की बँकवाल्याने सीएकडे संशयाने पाहिलं. सडक्या अंड्यासारखा हा वास पाण्यातल्या गंधकाच्या वायूचा. दहा मिनिटांत नाक त्याला सरावतं.

गोष्ट अशी सांगतात, की दंडकारण्यात शरभंग ऋषींचा आश्रम होता. ऋषींच्या अंगावर कुष्ठ फुटलं होतं. वनवासातले राम तिथे आले आणि त्यांनी बाण मारून जमिनीतून गरम पाणी काढलं. त्या पाण्याने ऋषींची काया बरी झाली. हीच गोष्ट जळगाव जिल्ह्यातल्या उनपदेवलाही सांगतात. गरम पाणी आणि कातडीचा आजार यांची जोडी आपल्याकडे इतकी जुनी आहे.

आदल्या दिवशी आनंदवन बघितल्यामुळे ती गोष्ट वेगळी ऐकू आली. आजार एकच, उत्तरं दोन. एक बाणाचं, एक गोळ्यांचं. पण गोष्टीतली एक जागा मला आवडली. राम त्या ऋषींच्या आश्रमात गेले. ज्याच्या जवळ कोणी जात नसेल, त्याच्या दारात पाहुणा म्हणून जाणं, हा अर्धा उपचार तिथेच झाला असणार.

बायकांची आणि पुरुषांची आंघोळ वेगळी. आम्ही चौघी कॉटनचे सलवार-कुडते घालून उतरलो. म्हणजे तिघी उतरलो. आर्किटेक्ट स्टोल हातात घेऊन वरच्या पायरीवर. पाणी अंगाला चटका देणारं नाही. आई लहानपणी बंबातलं पाणी विसाण घालून द्यायची ना, अगदी तसं. खांदे आधी सैल पडतात, मग मान, मग ते क्लायंटचे ईमेल वगैरे.

शेजारी एक म्हाताऱ्या आजी गुडघ्यांवर पाणी घेत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं. तिच्या मानेवरचे डागही बघितले असणारच, ऊन थेट पडलं होतं. म्हणाल्या, 'ये ना वं बाई, तिथं काहून बसली? थंडी वाजून राहिली असन तुले.' आणि थोडं सरकून त्यांनी जागा केली.

एवढंच. काही मोठं भाषण नाही. ती उतरली. बाह्या वर सरकवून, गळ्यापर्यंत पाण्यात. मी तिचे दंड कॉलेजनंतर पहिल्यांदा पाहत होते.

पाणी काय करतं, काय करत नाही

आता थोडं कामाचं. डॉक्टरला कुंडाच्या काठावरच गाठलं होतं, त्यामुळे ही माहिती शब्दशः ओली आहे.

कोमट-गरम पाण्यात बसल्याने स्नायू सैलावतात, सांध्यांचा ताठरपणा कमी होतो, झोप छान लागते. गंधकाचा उपयोग त्वचेच्या काही तक्रारींवर पूर्वीपासून होत आलाय. खरजेवर गंधकाचं मलम असायचं, ते आपल्या आजीलाही ठाऊक होतं. पण कोडात रंग बनवणाऱ्या पेशीच गेलेल्या असतात. पाणी त्या परत आणत नाही, एकवीस दिवसांनी नाही आणि एकवीस वर्षांनीही नाही. त्यासाठी मलमं आहेत, विशिष्ट अतिनील किरणांचे उपचार आहेत, अमेरिकेत 2022 मध्ये खास कोडासाठी एक नवं क्रीमही मान्य झालं. कोणाला गुण येतो, कोणाला अर्धा, कोणाला नाही. आणि उपचार न घेता तसंच राहायचं ठरवणं हाही एक पर्याय आहेच. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन हेच सांगत आलीये. तिथे कोड असलेली माणसं एकमेकांना भेटतात, लग्नंही जमतात.

कुष्ठरोगाचं तर आणखी सरळ. पाण्याने तो बरा होत नाही, आणि पाण्याच्या नादात गोळ्यांना उशीर झाला तर बोटं, पावलं, डोळे यांचं कायमचं नुकसान होऊ शकतं. शिवाय ज्या चट्ट्याला संवेदनाच नाही, तिथे गरम पाण्याने भाजलं तरी कळत नाही.

'म्हणजे हे सगळं खोटं?' एचआरवाली जरा हिरमुसलीच.

'खोटं कशाला?' डॉक्टर म्हणाली. 'तुझ्या पाठीला विचार की.'

गडावरची रात्र

मुक्कामाला आम्ही माहूरला गेलो. उनकेश्वरहून हा रस्ता डोंगरांतून जातो, संध्याकाळी तर फारच सुंदर. साडेतीन शक्तिपीठांतलं एक, त्यामुळे राहायला जागांची ददात नाही. आम्ही एका साध्या लॉजच्या गच्चीत गाद्या टाकल्या. एचआरवालीचं लाकडी सराईचं स्वप्न शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि शेवभाजी यावर भागलं. पण समोर काळाकभिन्न डोंगर, वर चांदण्या, आणि रेंज जाऊन-येऊन. परफेक्ट.

तिथे तिनेच एक किस्सा सांगितला. जपानमध्ये कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळं ठेवायचा कायदा 1996 पर्यंत होता. औषध येऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी. आणि कायदा गेल्यावरही, 2003 मध्ये, कुमामोतो प्रांतातल्या कुरोकावा या ऑनसेनच्या गावात एका हॉटेलने पूर्ण बऱ्या झालेल्या लोकांना राहायला नकार दिला. कारण काय, तर इतर गिऱ्हाइकांना आवडणार नाही. केवढा गदारोळ झाला! पुढच्या वर्षी ते हॉटेल बंदच झालं.

'आपल्याकडे तरी काय वेगळं होतं?' सीए म्हणाला. 'जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून गेलं ते 2019 मध्ये.'

मी विचार करत होते तो त्या आजींच्या सरकण्याचा. जगातल्या पॉश गरम पाण्याच्या गावात जे जमलं नाही, ते लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून बसलेल्या एका बाईने दोन सेकंदांत केलं होतं. झऱ्याचं तापमान सगळ्यांसाठी एकच असतं. प्रश्न फक्त आपण किती सरकतो एवढाच.

रात्री साडेबाराच्या सुमाराला बँकवाल्याने विचारलं, 'आम्ही कधी विचारलं नाही, याचं तुला वाईट वाटायचं की बरं?'

आर्किटेक्टने बराच वेळ घेतला. 'दोन्ही. विचारलं असतंत तर राग आला असता. पण तुम्ही न बघितल्यासारखं करायचात ना, तेव्हा मला वाटायचं की हे बघण्यासारखं नाहीये, असं तुमचंही मत आहे.'

यावर कोणाकडे पंचलाइन नव्हती. आयटीवाल्याने फक्त चटणीची वाटी तिच्याकडे सरकवली. आमच्या ग्रुपमध्ये यालाच माफी मागणं म्हणतात.

रविवारी सकाळी रेणुकामातेचं दर्शन, प्रसादाला कुटलेला तांबूल, मग धनोडा, आर्णी, यवतमाळ करत नागपूर. पाच लिटरचा कॅन भरलेला होता आणि डिकीत डुचमळत होता. 'करणार आहेस एकवीस दिवस?' मी पुन्हा विचारलं.

'छे! आत्याच्या गुडघ्यांसाठी नेतेय. गरम करून शेकायला सांगणार. फरक पडला तर झऱ्याचं क्रेडिट, नाही पडला तर माझ्याऐवजी तिला घेऊन येऊ इकडे.' आणि फेब्रुवारीतले पाहुणे? 'येऊ देत की. अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजमध्ये चहा देईन. पळाले तर लवकर पळतील, वेळ वाचेल सगळ्यांचा.'

हा लेख तिने छापायच्या आधी वाचलाय. एकच दुरुस्ती केली. 'लपवायची' असं मी जिथे लिहिलं होतं, तिथे तिने 'झाकायची' केलं, मग तेही खोडलं.

तुम्हीही निघताय?

कधी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात या भागात गरम पाण्यात बसायची कल्पनाच करू नका. यात्रेचे आणि सणाचे दिवस टाळलेत तर गर्दी कमी.

कसं: नागपूरपर्यंत विमान किंवा रेल्वे, पुढे गाडी. चंद्रपूरहून घुग्घूस, वणी, करंजी, पांढरकवडा असा रस्ता. किनवट आणि माहूरकडूनही जाता येतं. मुक्काम माहूरला केलात तर दोन्ही होतं. वाटेत वरोऱ्याला आनंदवनसाठी निदान दोन तास ठेवा.

काय न्यायचं: अंगभर सुती कपड्यांचे दोन जोड, टॉवेल, स्लिपर, प्यायचं पाणी. चांदीचे दागिने घरी ठेवा, गंधकाने काळे पडतात. कोडाचे डाग असतील तर सनस्क्रीन विसरू नका, त्या जागा उन्हात पटकन भाजतात.

पाण्यात उतरताना: हे देवस्थान आहे, स्विमिंग पूल नाही. साबण-शाम्पू नको, दंगा नको, दुसऱ्यांचे फोटो तर अजिबात नको. आधी बाहेर अंग धुऊन घ्या, जपानी लोकही तेच करतात. पंधरा-वीस मिनिटं पुरे. डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. उघडी जखम असेल तर थांबा. हृदयविकार, रक्तदाब, गरोदरपण किंवा मधुमेहामुळे पाय बधिर असतील, तर आधी डॉक्टरला विचारा.

आणि एक: अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श, टोचणं कळत नसेल, तर कुठल्याही कुंडाकडे जायच्या आधी सरकारी दवाखान्यात जा. तपासणी फुकट, गोळ्याही फुकट. झरा कुठे पळून जात नाही. बरे झालात की या, जागा करून देणारं कोणीतरी तिथे असतंच.